बोदांवर चढवलेलं घर

मला दुसऱ्या बाईच्या दागिन्यांचा हेवा कधी वाटला नाही. साड्यांचाही नाही. माझं माहेर शहापुरातलं, घरात माग. साडी म्हटली की मला बापाची अवघडलेली पाठ आणि मागाच्या खड्ड्यात गार पडलेले त्याचे पाय आठवायचे. पण घराचा हेवा मात्र मी पोटभर केला. कुणाकडं हळदीकुंकवाला गेले तरी माझं लक्ष ओटीतल्या हरभऱ्यांकडं नसायचं. ह्यांच्या खिडकीला कडी आहे का, मांडणीला दार आहे का, चूल आणि अंथरूण यांच्यामध्ये भिंत आहे का, हे मी आधी बघून घ्यायची. आणि ज्या घराचा मी सगळ्यांत जास्त हेवा केला, त्या घराला चाकं होती.

लढाईचे दिवस होते. आम्ही निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या वखारीच्या आवारात राहत होतो. राहत होतो म्हणजे, वखारीच्या भिंतीला टेकून एक खोली काढलेली होती, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं चूल, पलीकडं अंथरूण. तंबाखूचा खाट, तो उग्र दर्प, भाताला यायचा, पाण्याला यायचा, आंघोळ करून नेसलेल्या लुगड्यालाही यायचा. आमच्या यजमानांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना पेट्रोलचा वासच तेवढा कळायचा.

यजमान मूळचे बेळगुंदीचे, बैलगाड्या करणाऱ्या सुतारांच्या घरातले. पण त्यांचा जीव लाकडात रमला नाही. बेळगावच्या कॅम्पात एका उस्तादाच्या हाताखाली ते मोटारीचं काम शिकले आणि मला घेऊन निपाणीला आले. व्यापाऱ्याची लॉरी चालती ठेवायची आणि त्या बदल्यात त्याच्या आवारात राहायचं, बाहेरच्याही मोटारी तिथंच दुरुस्त करायच्या, असं ठरलं होतं. आमचं अंगण म्हणजेच त्यांचा कारखाना. मी तुळस लावली तर तिच्या कट्ट्यावर नट आणि बोल्ट वाळत पडलेले असायचे.

मोटार उचलायची त्यांची एक रीत होती, आणि त्या रीतीत ते देवालाही ढवळाढवळ करू देणारे नव्हते. आधी जमीन बघायची. टाच मारून बघायची, तांब्याभर पाणी ओतून ते कसं मुरतंय ते बघायचं. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांच्या पुढं-मागं दगड सारायचे. जॅक मातीवर ठेवायचा नाही, खाली फळी पाहिजे. थोडं उचलायचं, ठोकळा सारायचा. पुन्हा थोडं उचलायचं, पुन्हा ठोकळा, एक आडवा तर दुसरा उभा. ठोकळे रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे, गुंजी ठेसनावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून मिळवून बैलगाडीतून आणलेले. मी त्यांवर एकदा पापड वाळत घातले तर घरात दोन दिवस अबोला होता. मोटार ठोकळ्यांवर बसली की चारी बाजूंनी खांदा लावून ती हलवून बघायची. जॅक तरीही काढायचा नाही, जवळच टेकवून ठेवायचा. आणि मोटारीत वर कुणीही बसलेलं चालायचं नाही. एकदा एक फौजदारसाहेब आपल्या मोटारीत पेपर वाचत बसले होते, त्यांनासुद्धा यजमानांनी खाली उतरवून माझ्या पाटावर बसवलं होतं.

“आमचा बा एका काठीच्या टेक्यावर गाडी उचलून वंगण घालायचा,” ते सांगायचे. “गाडी पडली तर पाय मोडतोय. मोटार पडली तर मानूस ऱ्हात न्हाय.” हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. उस्तादाचा सख्खा भाऊ कॅम्पात एका लॉरीखाली गेला, तेव्हा जॅक घसरताना यजमान शेजारी उभे होते.

त्यामुळं आणखी एक रीत आमच्या घरात आली, ती फक्त आमची होती. ते मोटारीखाली गेले की मी बाहेर दाराजवळच्या दगडावर बसायचं. काय ते तांदूळ निवड, शेंगा फोड, पण उठायचं नाही. हातात उलथनं असायचं. थोड्या थोड्या वेळानं मी उलथन्यानं मडगाडावर दोनदा ठोकायचं, आणि त्यांनी खालून पान्यानं एकदा ठोकून जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर ओरडत धावायचं. धावायची वेळ कधी आली नाही. पण ह्या ठोकण्यातून मी त्यांचं सगळं ओळखायला लागले होते. काम जमत नसेल तर पाना लोखंडावर आपटायचा. भूक लागली असेल तर जबाब घाईत यायचा. काम मनासारखं झालं असेल तर ठोक हलकी, जवळजवळ लाडात आलेली असायची. ते बोलणारे गृहस्थ नव्हते. तोंडानं त्यांनी मला जे सांगितलं नसेल ते सगळं मला त्या मडगाडावर ऐकू आलं, आणि ते फक्त मलाच ऐकू येतं अशा गुर्मीत मी होते.

अशात ते चाकांवरचं घर आलं.

तंबूतला सिनेमा गावोगाव फिरवणारा एक मालक होता. त्यानं उतारू नेणाऱ्या एका जुन्या सर्व्हिस मोटारीतली बाकडी काढून टाकून आत घर बांधलं होतं. मोटार तवंदीच्या घाटात बसली. मागचे दोन्ही बाजूंचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, तुटले. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून तिच्या पाठीमागं कोळशाच्या गॅसची भट्टी जोडलेली, तिचं वजन वेगळं. आणि संसार किती भरला होता त्याला तर गणतीच नव्हती. बैल जुंपून ती मोटार आमच्या अंगणात आणली. मालकाचा तंबू पुढं जत्रेच्या गावाला गेला होता. तो पाटे आणायला म्हणून कोल्हापूरची सर्व्हिस मोटार धरून निघून गेला, आणि मोटारीत त्याची बायको राहिली.

बायको लग्नाची होती का, ह्यावर वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांनी दुपारच्या सुट्टीत निकाल देऊन टाकला. मला त्यात रस नव्हता. मी त्या मोटारीच्या खिडकीतून आत बघत होते.

आत पलंग होता, भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेला, दिवसा उचलून ठेवायचा. मांडणी होती आणि मांडणीला दार होतं आणि दाराला पितळी कडी होती. कप आकड्यांना टांगलेले. ती म्हणाली, घाट उतरतानासुद्धा कप पडत नाहीत. माझं घर जागचं हलत नव्हतं तरी मांडणीवरचं एखादं भांडं रोज पडायचं. खिडक्यांना फुलांचे पडदे होते, आणि ते ती स्वतःच्या मर्जीनं ओढायची आणि सोडायची. समोरच्या भिंतीवर हातभर लांबीचा आरसा, पलंगावर बसून केस विंचरता यावेत म्हणून वरून जरा पुढं वाकवून बसवलेला. माझा आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी डोळा तरी दिसायचा नाही तर कुंकू तरी. मी दाराजवळच्या माझ्या दगडावर बसले की तिच्या खिडकीतून तिच्या आरशात माझं अख्खं तोंड मला दिसायचं. दुसऱ्याच्या घरात आपण किती बऱ्या दिसतो हे मला तेव्हा कळलं, आणि मला इतका संताप आला की मी तांदळाबरोबर खडेही परत सुपात टाकले.

तिला सासू नव्हती, निदान मोटारीत तरी नव्हती. शेजार आवडला नाही तर ती घर हलवू शकत होती. आणि ती बोलायची पुस्तकातल्यासारखं. “आक्का, जरा पाणी मिळेल का?” असं ती म्हणाली की मला माझा “पानी पायजे व्हय?” ऐकू यायचा आणि मी घागर जरा जोरातच आपटायची.

पहिल्या दिवशी यजमानांनी एका बाजूला ठोकळे रचून ती बाजू उचलायची तयारी केली. पाटे सोडवायला चाक काढावं लागतं, मग मोटारीचा सगळा भार चासीखालच्या, म्हणजे सांगाड्याखालच्या, टेक्यावर येतो. म्हणून ते रीतीप्रमाणं म्हणाले, “वैनी, खाली उतरा जरा. आमच्या घरात बसा.”

मीही म्हणाले, “या की, बसा.” तोंडदेखलं म्हणाले, पण म्हणाले.

ती पायरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. “मागं एका गावात मी एकीच्या जोत्यावर बसले होते,” ती म्हणाली. “मी उठल्यावर तिनं माझ्यादेखत ती जागा सारवून घेतली. तेव्हापासून मी आपल्याच पायरीवर बसते, आक्का. अण्णा, मी पलंगावर बसून राहते. अजिबात हलणार नाही.”

एखाद्या भल्या बाईला हे ऐकून वाईट वाटलं असतं. मला वाटलं, हिला निदान स्वतःची पायरी तरी आहे. आणि मग माझे यजमान, फौजदाराला उतरवणारे माझे यजमान, काय म्हणावेत? “बरं, बसा. पन हालू नका.”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं आणि ते खाली गेले.

मी दगडावर बसले. थोड्या वेळानं मडगाडावर दोनदा ठोकलं. खालून जबाब आला. पुन्हा थोडा वेळ गेला. मी ठोकायला उलथनं उचललं, तेवढ्यात वरून, मोटारीच्या आतून, कुणीतरी जमिनीवर दोनदा ठोकलं. टाचेनं असावं. पायातल्या जोडव्याचाही आवाज झाला.

आणि खालून जबाब गेला. एकदा. हलका.

माझं उलथनं तसंच हातात राहिलं. आतून तिचं हसणं ऐकू आलं. “आक्का, तुमचं हे ठोकण्याचं फार छान आहे बाई. आता तुम्ही तुमचं काम करा, मी आहे लक्ष ठेवायला.”

लक्ष ठेवायला! मला सांगा, गळ्यातलं डोरलं कुणी मागितलं असतं तरी त्याला निदान मागणं म्हणता आलं असतं. हिनं तर आपल्या टाचेनं ते उचललं. अण्णा म्हणते म्हणून काय झालं? मलाही भाऊ आहेत, मी कुणाच्या डोक्यावर बसून टाचा वाजवल्या नाहीत. दिवसभर ती वरून ठोकत होती आणि ते खालून जबाब देत होते. मीही ठोकत होते. मला जबाब मिळत नव्हता असं नाही. पण एकाच माणसाला दोन दारांतून हाका गेल्या की कोणत्या दाराला आधी ओ दिली हे हाक मारणारीला बरोबर कळतं.

जेवताना मी विचारलं, “त्या बाईला कशाला जबाब देता वो?”

“इचारतीया, दिला. त्यात काय झालं?”

“नियम कुटं गेला तुमचा? वर कुनी बसायचं न्हाय म्हनून?”

“ती हालत न्हाय.”

“टाचा हालवती की.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “तुज्या डोक्यात दुसरंच कायतरी हाय.” होतंच. मी नाही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावरून नवे पाटे आले आणि त्यांबरोबर मालकाचा निरोप. जत्रा तोंडावर आली आहे, दोन्ही बाजू एकदमच उघडून बसवून टाका, मी उद्या संध्याकाळी येतो आणि मोटार घेऊनच जातो. यजमान एरवी एक बाजू संपवून मगच दुसरीला हात लावायचे. दोन्ही बाजू एकदम चढवायच्या तर ठोकळे पुरत नव्हते, आणि लढाईच्या दिवसांत गुंजीचे स्लीपर आता कुणी देत नव्हतं. जॅक तर एकच. ते अंगणात कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

तेव्हा व्यापारी वखारीच्या दारातून म्हणाला, “ठोकळं कशाला पायजेत? बोद घ्या की माजी.”

बोद म्हणजे तंबाखूनं ठासून भरलेलं, दाबून शिवलेलं पोतं. निपाणीत जन्माला आलेलं माणूस बोदावर बसूनच मोठं होतं. बोदाची पायरी करतात, बोदाचा कट्टा करतात, थप्पी रचून तिच्यावर चढून पत्र्याची गळती काढतात. लग्नात पाहुण्यांना बसायला बोद मांडलेले मी बघितले आहेत. बोद म्हणजे दगड, हे तिथं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. व्यापाऱ्यानं एका बोदावर टाच मारून दाखवली. “मानसं नाचत्यात ह्येच्यावर. बघा, दबतंय का?”

दबत नव्हतं. उन्हात तापून कडक झालेला बोद, तो कशाला दबेल? यजमानांनीही टाच मारली. मग चार बोद आडवे-उभे रचले, वर जाड फळी टाकली, आणि माझ्या दाराकडची बाजू त्यांवर चढवली. पलीकडच्या बाजूला ठोकळे. संध्याकाळी खांदा लावून हलवून बघितलं. मोटार हलली नाही. चाकं काढून भिंतीला लावून ठेवली.

मी मात्र वखारीत तंबाखू चाळलेली बाई. शेतातला पाला उचलायचा तो पहाटे, दव पडलेलं असताना, कारण तेव्हा तो मऊ असतो आणि चुरत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक. बोद वखारीत असतो तोवर दगड खरा. पण उघड्यावर, थंडीच्या दिवसांत, रात्रभर?

“दवानं बोद मऊ पडंल,” मी म्हणाले. “सकाळी खाली जाऊ नगा.”

व्यापारी हसला. यजमान हसले नाहीत, ते हळू आवाजात म्हणाले, “तुला ती बाई खाली उतराय पायजे. एवढंच हाय हे.”

“ते बी पायजेच,” मी म्हणाले. “पन बोद मऊ पडंल.”

दोन्ही एकाच तोंडानं बोलले, तिथं माझी बाजू लंगडी पडली. दोन दिवस मी त्या बाईवरून एवढी कुरकुर केली होती की आता मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं तरी यजमानांना त्यात तीच दिसली असती. खिडकीतून तिनं हे सगळं ऐकलं. तिनं पडदा ओढून घेतला, आणि पडदा ओढायची तिची ती सोय बघून मला पुन्हा एकदा हेवा वाटला.

सकाळी धुकं इतकं होतं की वखारीचं छप्पर दिसत नव्हतं. मी अंगण सारवलं. धुकं जरा फिकं झाल्यावर यजमान आले, मोटारीखाली गोणपाट अंथरलं आणि खांदा लावायला वाकले. एकदा लावला. आतून ती म्हणाली, “अण्णा, सकाळी सकाळी झोपाळा खेळवताय का?” ते ओशाळले. दुसऱ्यांदा खांदा लावलाच नाही. जॅकही पलीकडं ठोकळ्यांच्या बाजूला पडला होता, तो त्यांनी आणला नाही. पाठीवर निजले आणि गोणपाटावरून सरकत आत गेले. माझ्या बाजूला त्यांचे पाय तेवढे राहिले.

मी दगडावर बसले. मोटार वर चढल्यामुळं आरसाही वर गेला होता, म्हणून आदल्या संध्याकाळीच मी माझा दगड जरा मागं ओढून ठेवला होता. का ओढलास असं कुणी विचारलं नाही, बरंच झालं. आता पुन्हा आरशात माझं तोंड अख्खं दिसत होतं. वर भांग, मध्ये कुंकू, खाली हनुवटी.

वरून टाच वाजली. खालून पाना वाजला. मी उलथनं उचललं, दोनदा ठोकलं. पाना वाजला. मी आरशाकडं बघितलं.

माझा भांग आरशात नव्हता.

मला आधी काय वाटलं असेल? तिनं मुद्दाम आरसा हलवला. मी त्यात बघते हे तिला कळलं आणि तेवढंही सुख तिला बघवलं नाही. मी मान उंच करून बघितलं. ती पलंगावर पाठमोरी बसून उसवलेला परकर शिवत होती, आरशापासून लांब. तिनं हात लावला नव्हता. मी पुन्हा नीट, पहिल्यासारखी बसले. आता कपाळ निम्मं वर गेलं होतं, आणि मी बघता बघता माझं कुंकू आरशाच्या काठावरून पलीकडं गेलं. खालून गळा आला. मी हलले नव्हते. ती हलली नव्हती. हलत होतं ते घर.

मी बोदांकडं बघितलं. सगळ्यांत खालचा बोद दोन्ही बाजूंनी फुगला होता आणि त्याची शिवण ताणून पांढरी पडली होती.

“अवो, बाहेर या! मोटार बसतीया!”

खालून आवाज आला, “बस गप.”

“बोद दबलाय! या म्हनते ना!”

“तुजं रोजचंच हाय,” ते म्हणाले, आणि वर, मला गप्प करायचं म्हणून, पान्यानं एकदा ठोकलं. आहे, ठीक आहे, असा जबाब. माझ्याच रीतीनं त्यांनी मला परत दारात बसवलं.

बोलून काय होणार होतं? उलथनं टाकलं, वाकले, गोणपाटाची दोन टोकं मुठीत धरली आणि पाय दगडाला लावून ओढलं. जमीन नुकती सारवलेली, ओली होती. गोणपाट तिच्यावरून घसरलं, आणि त्याच्यावरचा माणूसही घसरला. ते शिव्या देत बाहेर आले. आधी कंबर, मग छाती, मग एक हात वर करून धरलेला पाना. कपाळ चासीला घासलं गेलं. डोकं बाहेर आलं आणि तेवढ्यात फाडकन आवाज झाला. बोदाची शिवण सुटली. फळी कलली. घर खाली आलं.

धूळ बसायच्या आधी तंबाखू वर उठली. डोळे मिटून आम्ही दोघंही शिंकायला लागलो. शिंका थांबेनात. मोटारीच्या आत भांडी घरंगळत होती, काच फुटल्याचा आवाज आला. कप पडले का ते मला तेव्हाही बघावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. डोळे उघडले तेव्हा, यजमान जिथं निजले होते, तिथं लोखंड जमिनीत रुतलं होतं. गोणपाटाचं एक टोक त्याच्याखाली अडकलं होतं. दुसरं टोक माझ्या मुठीत होतं, आणि ते सोडायचं मला सुचत नव्हतं.

ते त्या लोखंडाकडं बघत होते. कपाळावरून रक्ताची बारीक धार नाकापर्यंत आली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, तर शिंकच आली. वखारीकडून माणसं धावत येत असल्याचा आवाज आला.

मग आतली भांडी थांबली. आणि त्या कललेल्या मोटारीच्या आतून, जमिनीवर, टाच वाजली. दोनदा.

थोडा वेळ गेला. पुन्हा दोनदा वाजली, घाईनं. तिला खालचं काही दिसत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्या घराखाली एक माणूस होता आणि आपलं घर खाली बसलंय. तिसऱ्यांदा टाच वाजली ती इतकी हळू की जोडव्याचाच आवाज तेवढा आला.

यजमानांचा हात आपसूक उठला. पाना बाहेर येताना कुठंतरी सुटला होता, त्यांची बोटं तो शोधत सारवलेल्या जमिनीवरून फिरायला लागली. मी ती बोटं धरली.

“थांबा,” मी म्हणाले. “मी देते जबाब.”

उलथनं दगडाजवळ पडलं होतं. ते उचललं आणि मडगाडावर मारलं. एकदाच.

आत काही हललं नाही. उलथन्याचा आवाज पान्यापेक्षा पातळ असतो. दोन दिवस ऐकून तिलाही तो कळायला लागला होता. पडद्याआडून तिचा आवाज आला, आणि त्या आवाजात पुस्तकातलं काही उरलं नव्हतं.

“आक्का? आक्का, अण्णा कुठं आहेत?”

“हाईत,” मी म्हणाले. “माज्याजवळ हाईत.”